पाळकबाईंचं लहान भांडं

रविवार, ३ मे

आजपासून रोजनिशी. लिहिण्याची मला हौस नाही, माझा हात सुऱ्याला बसलेला. पण नव्या पाळकबाईंशी माझं वाजणार हे आज नक्की झालं. उद्या गोष्ट पंचांच्या सभेत गेली, तर कोण काय बोललं ते लिहिलेलं असावं.

झालं असं. मी नेहमीप्रमाणे चर्चमध्ये पहिल्या बाकावर. खाटीक असलो तरी मंडळीचा पंच आहे मी, आणि वार्षिक प्रीतिभोजनाचं मटण बापाच्या काळापासून आमच्या दुकानातून जातं, देवाच्या नावाने. आणि या बाई! येऊन जुन्याही झाल्या नाहीत, वय माझ्या भाचीएवढं, आणि उपदेश कशावर? तर जनावरांवर. म्हणे, देवाने विसाव्याचा दिवस माणसाला दिला तसा बैलाला आणि गाढवालाही दिला. चिमणी खाली पडली तरी त्याला कळतं, मग आपल्या ताटात कोण पडलंय ते त्याला कळत नसेल का? "खा किंवा खाऊ नका असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या, "ताटाकडे जरा बघा, एवढंच म्हणते."

ताटाकडे कोण बघतंय! अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती.

बाहेर पडल्यावर आमचे ऑर्गनमास्तर आलेच. यांची बोटं ऑर्गनवर आणि कान सगळ्यांच्या घरात. "आज तुमचीच खरडपट्टी होती की," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही आधी सूर सांभाळा."

घरी आईला विचारलं, काय वाटलं? आई ऐंशीच्या पुढची, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. म्हणाली, "पोरगी बोलली छान. बरं, मटणाचे चाप आणलेस का?"

मंगळवार, ५ मे

बाई दुकानात आल्या! गिऱ्हाईक नसताना आल्या, एवढी रीत मान्य. मी तयारीतच होतो. म्हटलं, जलप्रलयानंतर माणसाला मांस खायची परवानगी कोणी दिली? "देवाने," म्हणाल्या. शास्त्रातला उधळा पोरगा घरी आला तेव्हा बापाने काय, मुळ्याची भाजी केली? वासरू कापलं, तेही पोसलेलं! "खरंय," म्हणाल्या. आणि प्रभूने स्वतः किनाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना वाढले, त्याचं काय? "तेही खरंय."

वाद घालायला जावं आणि समोरच्याने हो म्हणावं, यासारखा दुसरा ताप नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, तुम्ही जनावर कापताना कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग न बघता लोकांना बघायला कसं सांगता?"

म्हणाल्या, "चुकलंच माझं. कधी येऊ ते सांगा. पण दादा, मी मांस खात नाही, मग तुम्हीही माझ्या बाजूला येऊन बघा. प्रीतिभोजनाच्या रात्रीपर्यंत मांस सोडायचं."

"सोडलं!" मी म्हणालो. आता हे कोण बोललं देव जाणे. तोंड माझंच होतं.

वर आणखी मीच अट घातली, की कुणाला कळता कामा नये. उपास करणाऱ्याने सुतकी तोंड करून हिंडू नये, डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, असं प्रभूनेच सांगितलंय. ढोल पिटून केलेला त्याग मला मान्य नाही. बाई म्हणाल्या, "आईंना तरी सांगावं लागेल ना?" ते बाकी खरं. स्वयंपाक तीच करते.

आईला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवार, ७ मे

बाई उजाडताच आल्या. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत चक्कर येऊन पडतील, मी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. पडल्या नाहीत. मीच घोळ घातला.

मागच्या आवारात बकरा आणला. आमची पद्धत अशी, की सुरा त्याला दाखवायचा नाही, एकासमोर दुसरा कापायचा नाही, आणि आधी डोळ्यांवर हात ठेवायचा. बापाने शिकवलं, मी करतो. यात विचार करण्यासारखं काही नाही. पण बाईंनी विचारलं, "डोळे का झाकता?" "शांत राहतो," म्हटलं. "तो की तुम्ही?" असं त्यांनी विचारलं नाही, पण मला आपलं ऐकू आल्यासारखं झालं. हात थरथरला. आयुष्यात पहिल्यांदा मला दम घ्यायला थांबावं लागलं.

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी पाण्याची बादली आणून दिली, आणि जाताना "आभारी आहे" म्हणाल्या. मला की बकऱ्याला, कोण जाणे.

नंतर खुर्चीवर मीच बसलो. खांदा धरला असावा.

शुक्रवार, ८ मे

घेवड्याचं सूप. घेवडा, पाणी, मीठ. देवा, तू रानात रोज खायला मन्ना पाठवलास तेव्हा इस्राएल लोक कुरकुरले, मी त्यांना आजवर फार नावं ठेवली. मागे घेतो.

संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसून होतो. शेजारच्या घरातून भाजल्याचा वास येत होता. भाजलेलं मटण माझ्याच दुकानातलं! आई मागे येऊन उभी राहिली आणि आत गेली.

सोमवार, ११ मे

चमत्कार झाला. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल बाईंना आईने रात्रीच्या जेवायला बोलावलं. पुन्हा घेवड्याचंच सूप. मी मनात म्हटलं, चला, भोगा. पहिला चमचा घेतला आणि अहाहा! काय ती चव! दाट, पोटाला ऊब देणारं, वर बारीक सोनेरी तवंग. घेवड्याला इतकं तेल सुटतं हे मला माहीतच नव्हतं. दोन वाट्या हाणल्या. बाईंना म्हटलं, "तुम्ही लोक इतकी वर्षं हे एकटेएकटे खात होतात होय!" बाई हसल्या. त्यांनीही "छान झालंय" म्हणून अजून थोडं मागून घेतलं.

एक गोष्ट मात्र खटकली. आईने बाईंना लहान भांड्यातलं वाढलं आणि मला मोठ्या भांड्यातलं. विचारलं तर म्हणाली, "पाहुण्याचं वेगळं असतं." आपल्या घरी हा रिवाज कधीपासून?

शनिवार, १६ मे

रोज सूप, रोज तेवढंच चविष्ट. काल वाटाण्याचं, आज गाजराचं. शास्त्रात आहेच, सिंहांच्या गुहेत टाकलेला तो संदेष्टा राजाची पक्वान्नं सोडून भाजीपाला खायचा आणि सगळ्यांपेक्षा धट्टाकट्टा दिसायचा. मला ते आजवर पटत नव्हतं. आता माझंच बघा ना, गालांवर तुकतुकी आलीय. तेलही रोज चोपडतो, त्यामुळे जास्तच.

आईची तब्येतही सुधारलीय. हल्ली रोज स्वतः दुकानात चालत येते, मागच्या बाजूला जाऊन बसते आणि पिशवी घेऊन घरी जाते. म्हटलं, पिशवीत काय? "माझं विणकाम," म्हणाली. या वयात चालणं चांगलंच.

बुधवार, २० मे

आमच्या कुत्र्याचं, मुकादमचं, काहीतरी बिघडलंय. वाळत चाललाय. नळ्या आणि हाडं मी मागे टोपलीत काढून ठेवतो, ती त्याचीच. टोपली रोज रिकामी होते, म्हणजे खातोय. तरी अंगाला लागत नाही. आणि आई दिसली की भुंकत सुटतो! लहानपणापासून तिच्याच हातचं खाल्लेलं जनावर. कृतघ्न मेला.

बाई आता दर रविवारी जेवायला येतात. आज आई फिरायला गेल्यावर फ्रिजमधलं, त्यांच्या लहान भांड्यातलं थोडं उरलेलं सूप चाखून पाहिलं. शी! पाणचट. बेचव. अगदी पहिल्या दिवशीचं. बराच वेळ विचार केला तेव्हा उलगडा झाला. आईनेच, एकाच गॅसवर, तोच घेवडा शिजवलेला, मग फरक कशाचा? त्यागाचा! बाईंना सवयच आहे, त्यांना काही सोडावं लागत नाही. मी सोडलंय, म्हणून देव माझ्या वाटीत चव घालतो. पंचांच्या सभेत यावर बोलण्याचा विचार आहे, अर्थात नेम संपल्यावर.

शनिवार, २३ मे

ऑर्गनमास्तरांच्या वाढदिवसाचं जेवण. चाप माझ्याच दुकानातले. त्यांच्या बायकोने ताटली पुढे केली. मी डोक्याला तेल चोपडून, तोंडभर हसत म्हणालो, "नको वहिनी, मी आपली भाजी घेतो."

मास्तर म्हणाले, "बरं नाही का?"

"छे! ठणठणीत आहे!" मी छाती ठोकून सांगितलं.

"पोट?"

"दगड पचवीन!"

"मग?"

मी नुसता हसलो. काय सांगणार? शब्द दिलेला. मास्तरांनी काटा हळूच खाली ठेवला आणि आपल्या चापाकडे बघत राहिले. चला, निदान एकाने तरी बाईंचं ऐकून ताटाकडे बघितलं.

बुधवार, २७ मे

गिऱ्हाईक कमी झालंय. शाळेच्या बाई दर बुधवारी खिमा नेतात, आज रस्त्याच्या पलीकडून गेल्या. शिंपीकाका आले, नाक पुढे करून मटण तोडायच्या ठोकळ्याचा वास घेतला आणि "नंतर येतो" म्हणून गेले. दुकान धुवून घेतलं. मटण टांगायचे आकडे उकळून काढले.

शुक्रवार, २९ मे

आता कळलं. गावभर झालंय, "स्वतःच्या दुकानातलं स्वतः खात नाही. माणूस आजारी नाही, उलट कसा तुकतुकीत झालाय बघा. त्याला काहीतरी माहीत असणार!"

मास्तर! दुसरं कोण! मी सुरा ठोकळ्यात मारला तो निघेना.

माझं मटण खराब? माझ्या बापाने उघडलेलं दुकान आहे हे. एखादं जनावर लंगडताना दिसलं तरी परत पाठवणारा माणूस मी. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "अरे, सांगून टाक ना लोकांना." म्हटलं, "नाही. शब्द म्हणजे शब्द." मग सूप घेतलं. अशा मनःस्थितीतही चविष्ट लागलं, देवाची दया.

रविवार, ३१ मे

उपासनेनंतर पाळकबाईंनी मला बाजूला घेतलं. डोळे रडल्यासारखे. म्हणाल्या, "दादा, मी तुम्हाला मोकळं करते. आजच सगळ्यांना सांगते."

"खबरदार!" मी म्हणालो. "पुढच्या रविवारी प्रीतिभोजन. तोवर कळ काढीन."

"आणि दुकान?"

"दुकान देव बघेल."

बोललो ताठ मानेने. पण घरी येईपर्यंत मान खाली गेली होती. देवाने आजवर दुकान कधी सांभाळलेलं नाही, मीच सांभाळलंय.

गुरुवार, ४ जून

दिवसभरात एक गिऱ्हाईक, तेही पत्ता विचारायला. असंच चाललं तर शटर ओढावं लागेल. मला दुसरं काय येतं? पन्नाशी उलटलेल्या खाटकाला कोण दारात उभं करणार?

बकरा आणलेला आहे मागे. विकलाच जाणार नसेल तर कापायचा कशाला, म्हणून ठेवलाय. त्याला पाला टाकला. प्रीतिभोजनाचं मटण द्यायचंच आहे, पण त्यासाठी दुसरा बघतो. हा जरा बारीक आहे. म्हणजे तसा बारीक नाही, पण याच्या अंगावर मांस नाही असं मला वाटतं.

रविवार, ७ जून

आज लिहिणारच.

चर्चमागच्या हॉलमध्ये लांब टेबलं. एका टोकाला पाव, भाज्या, सूप. दुसऱ्या टोकाला मोठ्या पातेल्यात माझं मटण, मी स्वतः डाव घेऊन उभा. अंगावर ठेवणीतला शर्ट, डोक्याला तेल. रांग आली. पहिले मास्तर. "आज पोट जरा..." म्हणून पुढे सरकले. मागून शिंपीकाका, "डॉक्टरांनी बंद केलंय." शाळेच्या बाई नुसत्या लाजल्या. एकेक जण माझ्यासमोरून गेला, सगळ्यांच्या ताटात वाटाणे. अख्खी मंडळी एका दिवसात शाकाहारी झाली! बाईंच्या उपदेशाने झाली नाही ती माझ्या तेलाने झाली.

वाफ येत होती पातेल्यातून, आणि मी डाव धरून उभा. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बापाची आठवण आली. डोळे भरले ते वाफेने, असं कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं.

तेवढ्यात पाळकबाई उठल्या. जनावराचं मांस ज्या मुलीने कळत्या वयापासून तोंडात घातलं नाही, ती सरळ माझ्यासमोर आली आणि मोकळं ताट पुढे केलं. "दादा, वाढा."

मी म्हटलं, "भाजी तिकडे आहे."

"मला हे हवंय." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. ताट मात्र हातात हलत होतं, त्या सकाळी माझा हात हलला होता तसं.

ज्या पोरीशी मी भांडायला रोजनिशी काढली, ती माझ्या दुकानासाठी आपला जन्माचा नेम मोडायला उभी! मी ताट ओढून घेतलं. "नाही बाई. हे तुम्ही खायचं नाही. खायचं तर मी खाईन." आणि एक तुकडा वाढून घेऊन उचलला. एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ राहिली होती नेमाची! म्हटलं, देवा, एवढं पदरात घे.

"थांब रे!"

आई. काठी आपटत पुढे आली.

"काय मोठा त्यागी बनून उभा राहिलायस? तुझा नेम पहिल्याच आठवड्यात मोडलाय. मी मोडलाय!" आणि मग मंडळीकडे वळून, "ऐका रे सगळे! हा पाळकबाईंना शब्द देऊन बसला होता, मांस खाणार नाही म्हणून. कुणाला सांगायचं नाही म्हणे! म्हणून तुमच्याकडे भाजी खात होता. पण याच्या सुपात मी रोज याच्याच दुकानातली नळी उकळलीय. रोज! रोज दोन वाट्या ओरपल्यात त्याने. मटण खराब असतं तर आज तुम्ही इथे याच्या मयताच्या जेवणाला आला असतात. बघा, कसा रेड्यासारखा झालाय!"

कुणीतरी फुस्सकन हसलं. मग शिंपीकाका. मग असा हशा उसळला की खिडक्या वाजल्या. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते उठले, लाल कान घेऊन माझ्यासमोर आले आणि ताट पुढे केलं. "दोन डाव वाढा," म्हणाले. मी तीन वाढले.

पातेलं रिकामं झालं. तळ खरवडून नेला लोकांनी. दुकान वाचलं. आणि मी तिथे उभा, तवंग, टोपली, विणकाम, मुकादम, सगळं एकेक करून डोक्यात पडत होतं. अरे गाढवा! शास्त्रात गाढवसुद्धा एकदा संदेष्ट्यापेक्षा जास्त शहाणं निघालं होतं.

सोमवार, ८ जून

आईशी बोलणार नाही असं ठरवलं होतं. सकाळपर्यंत टिकलं.

"का केलंस?" विचारलं.

"पायरीवर बसला होतास," म्हणाली. "तोंड एवढंसं झालं होतं. मला बघवेना."

"मग बाईंना का नाही घातलंस? त्यांचं भांडं वेगळं का?"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चुकीचं बोललो. "परक्याची लेक ती. विश्वासाने आपल्या ताटावर बसली. तिचा नेम मी कशी मोडू? पाप लागेल! तू माझा आहेस. तुझा मोडायचा मला हक्क आहे."

यावर शास्त्रात काय उत्तर आहे ते शोधतोय. सापडत नाही.

दुकानात तोबा गर्दी. जो तो विचारतो, "सूप कसं आहे?" हसू देत. मुकादमला सगळी टोपली दिली. त्याने आईकडे बघून एकदा भुंकून घेतलं, मग खायला बसला. तोही सगळं जाणून होता आणि सांगत होता. मीच नीट ऐकलं नाही.

मागचा बकरा अजून मागेच आहे. गिऱ्हाईक इतकं, की त्याच्याकडे बघायला वेळच होत नाही.

रविवार, १४ जून

बाई संध्याकाळी जेवायला आल्या. मी दारातच सांगितलं, "माझा नेम झालाच नाही. तुम्ही तुमचा अर्धा वाटा त्या सकाळी उभं राहून पुरा केलात, माझा बाकी आहे. सोमवारपासून पुन्हा सुरू केलाय, पहिल्यापासून. या वेळी भांड्यावर माझा पहारा आहे."

बाई हसल्या. "आणि संपल्यावर?"

"संपल्यावर बघू. दुकान चालूच राहणार, आधीच सांगून ठेवतो."

"राहू दे की," म्हणाल्या. "बापाने शिकवलंय तसंच चालवा." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी त्या दिवशी खरंच खाणार होते, दादा."

"माहीत आहे," मी म्हणालो. त्यांना खुर्ची ओढून दिली.

आईने लहान भांड्यातून दोघांना वाढलं. नाक मुरडतच वाढलं. मी चमचा तोंडात घातला. पाणी, मीठ, घेवडा. हीच ती वाटी, जी ही पोरगी दर रविवारी आमच्या घरी बसून हसतमुखाने संपवते. आणि मी समजत होतो, हिला काही सोडावंच लागत नाही!

बाईंनी वाटी पुढे केली. "आई, छान झालंय. अजून थोडं."

आईने वाढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी माझी वाटी चाटूनपुसून पुढे सरकवली. "मलाही," म्हटलं.